‘ऋण सोडणे’ : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतील क्षमेची कल्पना

आपल्याला दुखावणाऱ्याची क्षमा करणे ही गोष्ट ख्रिस्ती धर्मात केवळ सज्जनतेचे लक्षण म्हणून सांगितलेली नाही. ती रोजच्या प्रार्थनेचा भाग आहे. येशूने शिष्यांना शिकविलेली म्हणून जी प्रार्थना प्रसिद्ध आहे, तिच्यात देवापाशी क्षमा मागणारा माणूस त्याच वाक्यात, आपण ती इतरांना दिली आहे, असेही सांगून टाकतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ह्या वाक्याचे प्रचलित मराठी भाषांतर पाहिले असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यात ‘क्षमा’ हा शब्द नाही. ‘पाप’ नाही आणि ‘अपराध’ही नाही. तेथे ‘ऋण’ आहे, ‘ऋणी’ आहे आणि ‘सोडणे’ हे क्रियापद आहे. नांदेड-लातूरकडील एखाद्या मंडळीत ही प्रार्थना म्हटली जाते, तेव्हा उपासकांच्या तोंडी असतात ते सावकाराच्या वहीतले शब्द. ह्या शब्दयोजनेत क्षमेची कोणती कल्पना गृहीत धरली आहे, आणि ज्याला खरोखरीच इजा पोचली आहे अशा माणसाकडून ती नेमके काय मागते, एवढाच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे.

ही शब्दयोजना भाषांतरकारांच्या लहरीतून आलेली नाही. मूळ ग्रीक पाठातच ‘ओफेइलेमा’, म्हणजे देणे किंवा कर्ज, हा शब्द आहे, आणि त्याला जोडलेले ‘आफिएमी’ हे क्रियापद सोडणे, जाऊ देणे, मोकळे करणे ह्या अर्थांचे आहे. येशूची बोली अरामी. त्या भाषेत ‘होबा’ हा एकच शब्द कर्ज आणि पाप ह्या दोन्ही अर्थांनी वापरीत असत. लूकने ग्रीक वाचकांच्या सोयीसाठी वाक्याच्या पहिल्या भागात ‘पाप’ हा शब्द घातला. परंतु दुसऱ्या भागात मात्र त्यालाही ‘ऋणी’च ठेवावा लागला. देवाच्या बाबतीत पाप आणि माणसाच्या बाबतीत कर्ज, असे हे मोठे सूचक मिश्रण आहे. मराठी भाषांतरांच्या परंपरेने मत्तयाच्या ठिकाणी मूळ रूपकच जपले, हे बरे झाले.

मराठीत दुसरे शब्द नव्हते असे नाही. ‘क्षमा’ हा तर घरचाच शब्द. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘क्षम्’ ह्या धातूचा अर्थ सहन करणे, सोसणे. सर्व काही निमूटपणे सोसते म्हणून संस्कृतात पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हटले आहे. त्यामुळे ‘क्षमा करणे’ ह्या प्रयोगात सगळा भर क्षमा करणाराच्या गुणावर पडतो. तो धीराचा, तो मोठ्या मनाचा. अपराध काय घडला आणि अपराध्याचे पुढे काय झाले, ह्याविषयी हा शब्द फारसे बोलत नाही. दुसरा शब्द ‘माफी’. हा अरबी मुळाचा, फारसी-उर्दूच्या वाटेने आलेला; मूळ धातूत पुसून टाकणे हा अर्थ आहे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू असल्यामुळे मराठवाड्याच्या बोलीत तो खोलवर रुजला. साऱ्यातून सुटलेल्या जमिनीला ‘माफी’ म्हणत. माफी वरून खाली येते. ती हुकूम आहे. देणारा सत्ताधारी असतो आणि त्याचे त्यात सहसा काही जात नाही.

‘ऋण’ हा शब्द ह्या दोहोंहून वेगळा, आणि भारतीय परंपरेत तर त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही जन्माबरोबरच येतात आणि ती फेडावयाची असतात. यज्ञाने, अध्ययनाने, संततीने फेड होते. ती सोडून देण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्नच त्या विचारात उद्भवत नाही. ‘ऋणानुबंध’ हा मराठीतील अत्यंत जिव्हाळ्याचा शब्द घेतला तरी त्याच्या तळाशी तोच विचार आहे : मागील जन्मीचे देणेघेणे शिल्लक राहिले म्हणून ह्या जन्मी गाठ पडली. ऋण हेच जेथे नाते टिकविणारे सूत्र आहे, तेथे ‘ऋण सोड’ ही मागणी कानाला थोडी परकी वाटणारच. भाषांतरकारांनी शब्द देशी घेतला. पण त्याच्यापुढे ठेवलेल्या क्रियापदाने त्याचा अर्थ पालटला. फेडणे जाऊन सोडणे आले, आणि कर्ता बदलला. फेडतो ऋणको, सोडतो धनको.

हा बदल मराठवाड्यात कोणाच्या कानी पडला, हेही पाहिले पाहिजे. नारायण शेषाद्री ह्यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसविले. तेथील आणि पुढे इतरत्र ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन, गावकुसाबाहेरची होती. त्यांना ऋण म्हणजे काय, हे व्याख्येने समजावून सांगावे लागले नसेल. गुढीपाडव्याला उचल घेऊन वर्षभर एका घरी राबणारा सालगडी आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी दर हंगामाला ऊसतोडीस जाणारे जोडपे ह्या प्रदेशात आजही आढळते. उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच दारी. बोलीतील शब्दसंपत्ती ह्याची साक्ष देते. कर्ज पूर्ण फिटले म्हणजे ‘बेबाकी’, अर्थात बाकी न उरणे. जमिनीच्या उताऱ्यावर चढतो तो ‘बोजा’. आणि तो उतरावा म्हणून शेतकरी सभांतून मागणी करतात ती ‘सातबारा कोरा’ करण्याची. प्रार्थनेतील शब्द ज्या जगातून आले, ते जग येथे शब्दकोशात शोधावे लागत नाही.

ह्याच शब्दकुळातील एक वाद क्षमेच्या विचाराला फार उपयोगी पडतो. केंद्र शासनाने २००८ मध्ये, आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ व २०१९ मध्ये शेतीकर्जे काढून टाकण्याच्या योजना जाहीर केल्या. लोकभाषेत ह्या सर्वांना ‘कर्जमाफी’ म्हणतात. शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना ह्यांचा ह्या शब्दाला आक्षेप होता. माफी गुन्हेगाराला करतात. शेतकऱ्याचे कर्ज सरकारी धोरणाने त्याच्यावर लादलेले आहे, तेव्हा मागणी ‘कर्जमुक्ती’ची असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. २०१९ च्या योजनेच्या अधिकृत नावात ‘कर्जमुक्ती’ हाच शब्द आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शब्दावरचा हा वाद पोकळ नव्हता. एखाद्याला ‘माफ केले’ म्हटले की तो दोषी होता, हे त्या वाक्यातच ठरून जाते. दैनंदिन व्यवहारातही असे घडते : ज्याने काहीच केलेले नाही त्याला कोणी मोठेपणाने ‘जा, माफ केले’ म्हटले, तर तो सुखावत नाही, संतापतो, आणि ते योग्यच आहे.

शासकीय कर्जमाफीत आणि शुभवर्तमानातील ऋणमोचनात दुसराही एक भेद आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. शासन कर्ज माफ करते तेव्हा बँकेचे पैसे सरकारी तिजोरीतून भरून निघतात. धनकोचे नुकसान होत नाही. प्रार्थनेतील धनको मात्र स्वतःच तोटा सोसतो. त्याचे जे गेले ते गेले. कोणी भरून देणार नाही. ‘ऋण सोडणे’ ह्याचा अर्थ कर्ज नाहीसे होणे असा नाही. ते ऋणकोच्या खात्यावरून उतरून धनकोच्या खात्यावर चढते. येशूच्या मरणाविषयीच्या ख्रिस्ती सिद्धान्तात पुढे हा विचार फार विस्ताराने आला. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात ‘खेइरोग्राफोन’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ ऋणकोने आपल्या हाताने लिहून दिलेले खत. ते खत रद्द करून वधस्तंभाला ठोकले, असे तेथील रूपक आहे.

खत नष्ट करण्याचा दुसरा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते काढून जाळली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. येथे खत फाडतो तो ऋणको, आणि त्याच्या मते ते खोटे असते म्हणून फाडतो. पत्रातील रूपकात खत खरे आहे, आणि फाडणारा धनको आहे. दोन्ही कृत्यांचा परिणाम एकच दिसला तरी त्यांना एका शब्दात बसविता येत नाही.

खत खरे असते, ही गोष्ट मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निष्ठुर चाकराच्या दाखल्यात आकड्यांनीच सांगितली आहे. राजाचे चाकराकडे दहा हजार तालांत येणे असते. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो. एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आणि सुमारे सहा हजार दीनारांचा एक तालांत, हे प्रमाण धरले तर पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते. वर्षाला तीनशे दिवस काम मिळाले तर दोन लक्ष वर्षांचे. दुसरे शंभर दिवसांचे. प्रवचनकार सहसा येथे दोन्ही आकड्यांतील अंतरावर बोट ठेवतात, आणि दाखल्याचा मुख्य हेतू तोच आहे, ह्यात शंका नाही. परंतु शंभर दिवसांची मजुरी ही हातावर पोट असलेल्या माणसाला क्षुल्लक रक्कम नव्हे. देगलूर किंवा औसा तालुक्यातील शेतमजुराला विचारले तर शंभर दिवसांच्या मजुरीत काय काय बसते, ते तो नीट सांगेल. दुसऱ्याने केलेली इजा लहान आहे, तिच्याकडे काणाडोळा करावा, असे दाखला म्हणत नाही. रक्कम मोजून सांगितली आहे.

‘सोडणे’ ह्या क्रियापदाच्या वापरात मराठीत जो एक घोटाळा होतो, तो ह्याच ठिकाणी. ‘ऋण सोडणे’ आणि ‘सोडून देणे’ हे दोन प्रयोग एक नव्हेत. मारहाण झालेल्या सुनेला, किंवा वाटा बुडालेल्या धाकट्या भावाला वडीलधारी माणसे ‘जाऊ दे, सोडून दे’ असे सांगतात, तेव्हा सोडावयाचे असते ते कर्ज नव्हे, तर कर्जाची गोष्ट काढणे. हिशेब मांडूच नये, असा त्याचा अर्थ. पुष्कळदा हा उपदेश धर्माच्या नावाने होतो, आणि ख्रिस्ती कुटुंबेही ह्याला अपवाद नाहीत. परंतु दाखल्याच्या अगोदर त्याच अध्यायात जो क्रम दिला आहे, तो ह्याच्या उलट आहे. भावाने अपराध केला तर प्रथम त्याला एकांतात गाठून अपराध सांगावा. न ऐकेल तर एकदोन साक्षी न्यावेत. तरीही न ऐकेल तर मंडळीपुढे मांडावे. म्हणजे आधी नोंद, मग सोडवणूक. ज्या कर्जाची नोंदच होऊ दिली नाही, ते सोडण्याचा प्रश्न कोठून येणार?

ह्या क्रियापदाला मराठीत आणखी एक कडू अर्थ आहे. ‘नवऱ्याने सोडलेली’ असे बाईविषयी म्हणतात, ते ह्याच क्रियापदाने. योगायोग असा की ग्रीक ‘आफिएमी’चाही असा वापर होतो, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात नवऱ्याने बायकोला सोडू नये, हे सांगताना तेच क्रियापद आले आहे. एकाच शब्दात ऋणातून मोकळे करणे आणि बायको टाकणे हे दोन्ही अर्थ मावतात. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ह्या दोन्ही अर्थांचा भोग घेतलेली लेखिका म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला विश्वासात न घेता. त्या काळच्या ब्राह्मण घरात ह्याचा अर्थ काय होता, हे सांगावयास नको. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या; नंतर त्या पतीकडे गेल्या, प्रथम आपला धर्म आणि आपली चूल वेगळी ठेवून; आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात भागांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे उलटली होती. ह्या ग्रंथात टिळकांनी दिलेला त्रास कोठेही झाकलेला नाही. त्यांचा भडका, न सांगता घरातून निघून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे आणि शेवटी धर्मांतराचा तो आघात, सगळे तपशिलाने, प्रसंगवार आलेले आहे. वाचकाला हसू येते ते लेखिकेने दुःख लपविले म्हणून नव्हे. ते तिने पूर्ण मोजून पुढे ठेवलेले असते, आणि तरीही वसुलीचा सूर लागत नाही म्हणून. क्षमेवर प्रवचन त्यात शोधूनही सापडणार नाही. परंतु नोंद आणि सोडवणूक एकाच वाक्यात कशी राहू शकते, हे दाखविणारे मराठी गद्य ह्याहून सरस क्वचितच असेल. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे कामही लक्ष्मीबाईंनीच अंगावर घेतले, आणि त्यातील बहुतेक भाग त्यांच्या हातचा आहे, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवावी.

लक्ष्मीबाईंचे ऋण त्यांचे स्वतःचे होते. ते सोडण्याचा अधिकार त्यांचाच. हा मुद्दा साधा दिसतो, पण ‘ऋण सोडणे’ ह्या रूपकाचा सर्वांत कठोर नियम तोच आहे. ‘क्षमा’ हा शब्द घेतला की कोणीही कोणाचीही क्षमा करू लागतो. ऋणाच्या व्यवहारात मात्र शेजाऱ्याचे येणे आपल्याला सोडता येत नाही. २२ आणि २३ जानेवारी १९९९ च्या मधल्या रात्री ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स हे कुष्ठसेवक आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन लहान मुले ह्यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स ह्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि बारीपदा येथील कुष्ठरुग्णांचे काम पुढे अनेक वर्षे चालविले. परंतु कायद्याने आपले काम करू नये, असे त्यांनी म्हटले नाही. मुख्य आरोपीला २००३ मध्ये झालेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली, आणि ती जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. पत्नी आणि माता म्हणून जे त्यांचे येणे होते ते त्यांनी सोडले. राज्याचे येणे राज्याकडे राहिले. ह्यात विसंगती पाहणारे लोक ‘क्षमा’ आणि ‘माफी’ ह्या दोन शब्दांत गोंधळ करतात.

हाच नियम लावून पाहिला तर नांदेड-लातूरच्या स्वतःच्या इतिहासातील एक पान फार अवघड होऊन बसते. १९४८ च्या सप्टेंबरपूर्वीच्या काळात रझाकारांनी ह्या भागातील खेड्यांवर केलेले अत्याचार मराठवाड्याच्या स्मरणात आहेत, आणि त्यांची नोंद सरकारी, खाजगी, मौखिक अशा सर्व प्रकारे झालेली आहे. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्तीवर जो सूड उगविला गेला, त्याची नोंद मात्र पुष्कळ वर्षे दडून राहिली. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात हिंडून जो अहवाल दिला, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक हानी झालेले म्हणून सांगितले आहेत, आणि संपूर्ण संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आहे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि ते कासिम रझवीचे गाव. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होती. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले, असे अहवाल म्हणतो. आपल्या शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. हा अहवाल कित्येक दशके सर्वसामान्य अभ्यासकांच्या हाती आला नव्हता.

येथे ऋण कोणाचे आणि सोडावयाचे कोणी? रझाकारांनी ज्यांना मारले ते आणि नंतरच्या सुडात जे मारले गेले ते, दोघेही आपले येणे सोडावयास हयात नाहीत. सूड घेणाऱ्यांनी वसुली केली ती ऋणकोकडून नव्हे. बहुतेक ठिकाणी ज्यांचे काहीच देणे नव्हते अशांकडून केली. आणि आज कोणी तिसऱ्याने ‘झाले गेले विसरा’ म्हणून दोन्ही खाती बंद करावी म्हटले, तर रूपकाच्या भाषेत तो परक्याच्या वहीत हात घालतो. जे हयात आहेत त्यांच्याकडे फक्त स्वतःच्या वाट्याची बाकी आहे : वडिलांशिवाय गेलेले बालपण, सोडावे लागलेले घर, पिढ्यान्‌पिढ्या उरलेला धाक. तेवढी सोडणे न सोडणे त्यांच्या हाती. त्यासाठीसुद्धा आधी ती वहीत लिहिली गेली पाहिजे.

ह्या संदर्भात प्रार्थनेच्या त्या वाक्यातील काळाचा प्रश्न उरतो. मत्तयाच्या जुन्या आणि विश्वसनीय मानलेल्या हस्तलिखितांत ‘आफिएमी’चे रूप भूतकाळी आहे, आणि प्रचलित मराठी भाषांतरातही म्हणूनच ‘सोडले आहे’ असा पूर्ण काळ येतो. ज्याची जखम अजून भरलेली नाही अशा माणसाला हे वाक्य खरेपणाने म्हणता येणे कठीण आहे. लूकच्या पाठात मात्र त्याच क्रियापदाचे रूप वर्तमानकाळी आहे. मराठी वर्तमानकाळ रीतीचाही असतो. ‘सोडतो’ म्हटले की काम संपले असा अर्थ होत नाही, ते चालू आहे असाही होतो. निष्ठुर चाकराच्या दाखल्याला निमित्त झालेला पेत्राचा प्रश्न असाच मोजणीचा होता : भावाला किती वेळा सोडावयाचे, सात वेळा? उत्तरात आलेला आकडा ग्रीक रचनेप्रमाणे सत्त्याहत्तर किंवा सातांच्या सत्तर पटी असा दोन्ही प्रकारे लावता येतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख आपल्या सुडाचा जो आकडा सांगतो, त्याच्या ग्रीक भाषांतरात शब्दशः हेच रूप आहे. लामेखाने तो आकडा वसुलीसाठी वापरला होता. पेत्राला मिळालेल्या उत्तरात तोच हप्त्यांचा झाला आहे, आणि हे हप्ते येथे ऋणकोने नव्हे, धनकोने भरावयाचे आहेत.